दुसरं उष्टावण

नर्स थोरातबाईंनी दाराच्या चौकटीला वजनाचा काटा अडकवला, खाली झोळी लावली आणि सारिकाला तिच्यात ठेवलं. सारिका रडली नाही. झोळीतून पाय बाहेर काढून बाईंच्या पर्सच्या पट्ट्याशी खेळत राहिली.

“सहा किलो दोनशे,” बाई म्हणाल्या. “मागल्या महिन्यात एवढंच होतं. त्याच्या आदल्या महिन्यातही जवळपास एवढंच. खायला काय देतेस?”

“डाळीचं पाणी. मऊ भात.”

“रोज?”

“रोज.”

बाईंनी सारिकाला बाहेर काढलं, कडेवर घेतलं आणि तिच्या फ्रॉकचा गळा बोटानं उलटून पाहिला. मग वास घेतला.

“शालन, भात खाणाऱ्या पोराच्या गळ्याशी भाताचा डाग असतो. कितीही धू, जात नाही. ह्या फ्रॉकला दुधाशिवाय कशाचा वास नाही.”

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलीकडं तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला, पण मान वर झाली नाही.

बाईंनी सारिकाला सतरंजीवर बसवलं आणि हात काढून घेतले. ती बसली. थोडी पुढं झुकली, एका हातावर सावरली, परत ताठ झाली. मान तर केव्हापासून घट्ट धरत होती. बाईंनी स्वतःचा चहाचा कप उचलला, तोंडाशी नेला, खाली ठेवला. सारिकाची नजर कपाबरोबर वर गेली, खाली आली. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि तोंड उघडलं. मग बाईंनी एक चमचा उकळत्या पाण्यातून काढून, गार करून, तिच्या ओठांना लावला. नुसता पाण्यानं ओला चमचा. तिनं ओठ मिटले आणि तो चोखला. जिभेनं बाहेर ढकलला नाही.

“बघितलंस? आणखी काय पाहिजे तुला?” बाई म्हणाल्या. “कॅलेंडर बघून द्यायचं नसतं, पोर बघून द्यायचं असतं. पण हिचं तर दोन्ही होऊन गेलंय. आठ महिने पुरे झाले. दुधावर आता हिचं भागत नाही.”

“नवव्यात उष्टावण करायचं हाय,” आत्याबाई खालमानेनंच म्हणाल्या. “पोरीचं इषम महिन्यात करत्यात.”

“पाचव्यात तुम्ही म्हणालात सातव्यात. सातव्यात म्हणालात नवव्यात. नववा लागला की आता.” बाईंनी काटा पिशवीत घातला. “पुढल्या मंगळवारी मी येणार. माझ्यासमोर हिला चारायचं. नाही चारलंत तर मी हिला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जाईन, आणि तिथं तुम्हीच सांगा का चारत नाही ते.”

का चारत नाही हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. ते सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं.

आम्ही धरणाखालच्या पाटबंधारे वसाहतीत राहायचो. धरण बांधताना तिथं साठ कुटुंबं होती म्हणे. मी लग्न होऊन आले तोवर काम संपलं होतं, माणसं निघून गेली होती, आणि वीस खोल्यांतल्या सहांतच दिवा लागायचा. बाकीच्यांची दारं-खिडक्या लोकांनी काढून नेलेली. माझे यजमान, निवास, कालव्याच्या दारांवर नोकरीला. पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, कधी बंद करायचं, हे त्यांचं काम. पाणी सुटलं की दिवसभर जमिनीतून घुमल्यासारखा आवाज यायचा. तो बंद झाला की कानांत दडे बसल्यासारखी शांतता. मला त्या शांततेची भीती वाटायची. त्या शांततेत मला एक आवाज ऐकू यायचा. खोकल्यासारखा, पण खोकला नव्हे. खोकायला सुरुवात होते आणि मध्येच तुटतं, तसा.

सारिकाच्या आधी आम्हाला रूपाली झाली होती. ती चार महिने आणि अकरा दिवस जगली.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी. माझा धाकटा भाऊ जयसिंग फौजेत होता. सुट्टी संपवून निघायच्या दोन दिवस आधी त्याच्या हातून रूपालीचं उष्टावण ठरलं. मामाच्या हातचा पहिला घास. मुलीला पाचवा महिना लागलेला, म्हणजे रीतही चुकत नव्हती. खपली गव्हाची खीर केली. जयसिंगनं भाचीला मांडीवर घेऊन खीर चारली, तिला ठसका लागला, खिरीतला गव्हाचा दाणा की खोबऱ्याचा काप घशात अडकला, आणि जीपमधून तालुक्याला पोचेपर्यंत ती गेली. जयसिंगनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, “माझ्या हातनं झालं.” त्या दिवसापासून आत्याबाईंनी त्याला आमचा उंबरा बंद केला. “त्या हाताला यश न्हाई,” एवढंच म्हणाल्या. ह्यांनी त्याला एक शब्दही विचारला नाही. पण त्यानंतर जयसिंगचं नाव ह्यांच्या तोंडून कधी आलं नाही. तो सुट्टीवर यायचा, शिराळ्याकडं आमच्या माहेरी राहायचा आणि मला न भेटता परत जायचा.

आमच्या घरात तीन वर्षं खीर शिजली नाही. सारिका झाल्यावर आत्याबाई तिच्याकडं पाठ करून जेवायला बसायच्या. ती टक लावून बघते, ते त्यांना बघवायचं नाही.

आता सारिकालाच मुलगी आहे. पुण्यात असते. मागल्या आठवड्यात तिचा फोन आला, “आई, मी जेवायला बसले की ही तोंड हलवते गं. कधी सुरू करू?” मी म्हटलं, “तुमच्या डॉक्टरांना विचार.” ती हसली, “तू एवढी दोन पोरं वाढवलीस आणि मला डॉक्टरांना विचार म्हणतेस?” सारिकाच्या पाठीवर मला मुलगा झाला, त्याला धरून ती दोन म्हणते. मी फोन ठेवला. मान धरायला हवी, बसायला हवी, घास बघून तोंड उघडायला हवं, जिभेनं बाहेर ढकलणं थांबायला हवं. मला सगळ्या खुणा पाठ आहेत. तेव्हाही होत्या. थोरातबाईंनी त्या रूपालीच्या वेळीच मला सांगितल्या होत्या, डोस द्यायला आल्या होत्या तेव्हा. मी हो हो म्हटलं होतं.

बाई गेल्या त्याच दुपारी आत्याबाई शेजारी गेल्या असताना मी मूठभर तांदूळ आणि मूग शिजवले. चांगले घोटले, गाळणीतून दाबून काढले. दाणा म्हणून राहू दिला नाही. सारिकाला भिंतीला टेकवून बसवलं. चमचा भरला.

तिनं तोंड उघडलं.

मी चमचा अर्ध्यावर नेला आणि माझा हात पुढं जाईना. कुणी मनगट धरल्यासारखं झालं. ती वाट बघत होती. तोंड उघडं, डोळे चमच्यावर, पायाचे अंगठे आवळलेले. मग ती पुढं झुकली, जवळजवळ पडलीच, आणि त्या झुकण्यात मला तिच्या जागी रूपाली दिसली. रूपालीची मान अशी पुढं पडायची. आपणहून नव्हे, तोल जाऊन. चमचा माझ्या हातातून सुटला. सारिका भोकाड पसरून रडायला लागली. भुकेल्या पोराचं रडणं वेगळं असतं, त्यात रुसवा नसतो. मी तिला छातीशी घेतलं आणि पाजलं. पाजताना मला कळत होतं की मी तिला उपाशी ठेवतेय.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टकार्ड लिहिलं. आईचा निरोप आला होता की जयसिंग सुट्टीवर आलाय. मी लिहिलं, “मंगळवारी ये. पोरीला चारायचं आहे. आला नाहीस तर माझ्या हातून हीपण जाईल.” कार्ड कुणीही वाचू शकतं हे पेटीत टाकल्यावर लक्षात आलं.

मंगळवारी तो आला. नऊच्या एसटीनं. मी खिडकीतून पाहिलं, फाट्यावरून पिशवी घेऊन चालत येत होता. तीन वर्षांत त्याच्या कानावरचे केस पिकले होते. सत्ताविसाव्या वर्षी. हे पाळी संपवून नुकतेच घरी आले होते, पायरीवर बसून दात घासत होते. त्यांनी त्याला पाहिलं, चूळ भरली आणि बसून राहिले.

आत्याबाई दारात आल्या. “तितंच थांब.”

तो अंगणाच्या कडेला थांबला. “आक्कानं बोलावलंय म्हणून आलो. लांबनंच बघतो. लगीच जातो.”

मी सारिकाला कडेवर घेऊन बाहेर आले. “आत ये, जयसिंग.”

“शालन!” आत्याबाईंचा आवाज चिरकला. “एक लेकरू घालीवलं त्या हातानं. आता दुसरं त्याच्या पुढ्यात न्हेतीस? आई हायस का कोण हायस?”

“त्याच्या हातानं नाही गेलं.”

“आक्का, गप,” जयसिंग म्हणाला.

“त्याच्या हातानं नाही गेलं, आत्याबाई. माझ्या हातानं गेलं.”

हे उठून उभे राहिले. हातात तांब्या तसाच.

“आक्का, मी पाया पडतो. गप.”

पण मला आता थांबता येत नव्हतं. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्या दिवशी जयसिंगनं एकदाच, बोटाच्या टोकावर खीर घेऊन रूपालीच्या ओठांना लावली होती. तिनं ती जिभेनं बाहेर ढकलली. सगळे हसले. त्यानं परत लावली, तिनं परत ढकलली. तो म्हणाला, “आक्का, नको म्हणतीया. बारकी हाय अजून.” त्यानं तिला माझ्याकडं दिलं, हात धुवायचाही राहिला त्याचा, आणि बाहेर पुरुषांची पंगत वाढायला गेला. बायकांतली कुणीतरी म्हणाली, पहिला घास बाहेर टाकला, बरं न्हवं. एक घास तरी पोटात जाऊ दे. तिचं नाव मी कधी घेतलं नाही, आजही घेत नाही. म्हणणारी म्हणून गेली. चारणारी मी होते. मी रूपालीला आत स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं. तिला आडवी धरली, कारण तिला बसता येत नव्हतं. आडवी धरली की खीर बाहेर येत नव्हती. मला वाटलं, जमलं. माझा एकुलता भाऊ वर्षानं आला होता, पुन्हा केव्हा येईल ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या भाचीनं त्याचा घास खाल्ला असं मला सांगायचं होतं. एवढंच.

“मग ती आवाज करायला लागली. मी हाक मारली. जयसिंग पळत आला. त्यानं तिला माझ्याकडून ओढून घेतलं, पालथी केली, पाठीवर मारलं. तुम्ही सगळे आत आलात तेव्हा ती त्याच्याजवळ होती. त्याच्या हाताला खीर होती. तुम्ही विचारलंत, काय झालं. मी तोंड उघडायच्या आधी तो बोलला. आणि मी बोलू दिलं.”

कालव्याला पाणी नव्हतं त्या दिवशी. सारिका माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती, मण्यांचा तेवढा आवाज येत होता.

ह्यांनी तांब्या पायरीवर ठेवला. चपला घातल्या आणि माझ्याकडं न बघता कालव्याच्या वाटेनं चालायला लागले.

आत्याबाई उंबऱ्यावरच बसल्या. त्यांनी जयसिंगकडं पाहिलं.

“आन् तू? तीन वर्सं श्याप खाल्लास. तू का न्हाई बोललास?”

जयसिंग पिशवीच्या बंदाला पीळ देत होता. “मी दोन दिसांनी जानार हुतो, आत्याबाई. हिला हितंच ऱ्हायाचं हुतं.”

आत्याबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, वेळ लावून उठल्या. त्या आत जातील आणि दार लावतील असं मला वाटलं. त्या आत गेल्या, पाण्याची घागर आणि तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि जयसिंगपुढं ठेवल्या. पाहुण्याला पाय धुवायला ठेवतात तसं. तो खाली बसला आणि पाय धुवायला लागला. घागरभर पाणी संपलं तरी उठेना. खांदे हलत होते त्याचे. आत्याबाई माझ्याकडं वळल्या नाहीत. मला त्या काही म्हणाल्या नाहीत, चांगलं नाही, वाईट नाही. पुढं कितीतरी महिने त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि ते मला वाजवी वाटलं.

थोरातबाई आल्या तेव्हा आम्ही असेच होतो. अंगणात सांडलेलं पाणी, जयसिंगचे लाल डोळे. त्यांनी एकेकाकडं पाहिलं.

“काय झालंय?”

जयसिंगनं बाहीनं तोंड पुसलं.

“बरं. वाटी कुठंय?”

मी पहाटेच शिजवून, गाळून ठेवलं होतं. बाईंनी वाटीत बोट घालून चोळून पाहिलं, दाणा लागतो का. मान हलवली. “मामा आलाय ना? मग बसा, घ्या मांडीवर.”

जयसिंगनं दोन्ही हात मागं नेले. “न्हाई बाई. चारायचं न्हाई मी.”

“चारू नका. नुसतं धरा. ताठ बसवा. तोंड समोर.”

त्यानं सारिकाला मांडीवर घेतलं. ती मान वळवून त्याच्या मिशीकडं बघत होती. मी समोर बसले. चमचा भरला, अगदी टोकावर. आणि पुन्हा माझं मनगट कुणीतरी धरलं.

“शालन,” बाई हळू म्हणाल्या, “तू घालू नकोस. नुसता समोर धर. बाकीचं तिच्यावर सोड.”

मी चमचा समोर धरला. तिच्यापासून वीतभर लांब. सारिकानं पाहिलं. दोन्ही हातांनी माझा हात पकडला, आणि तिच्या अंगात तेवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं, ओढला. चमचा तिनंच तोंडात घेतला. ओठ मिटले. गालातल्या गालात काहीतरी चाललं. थोडं हनुवटीवर ओघळलं. तिनं तोंड वाकडं केलं, विचार केल्यासारखे डोळे बारीक केले.

मग तिचा गळा हलला.

मी वाट बघत होते. आम्ही सगळेच. आत्याबाई दाराला धरून उभ्या. सारिकानं आमच्याकडं पाहिलं आणि आणखी पाहिजे म्हणून जयसिंगच्या मांडीवर टाच आपटली.

दुसरा चमचा. तिसरा. चौथा पुढं केला तेव्हा तिनं तोंड फिरवलं. मी तो तसाच वाटीत टाकला. घाईनं, भाजल्यासारखा.

“एवढंच?” आत्याबाईंनी विचारलं.

“आज एवढंच,” बाई म्हणाल्या. “तिनं बास म्हटलं की बास. जबरदस्ती करायची नाही. उद्या थोडं जास्त खाईल.”

बाई गेल्यावर मी सारिकाला निजवलं आणि तिच्या छातीला कान लावून बसले. दुपारी साडेबाराची गाडी गाठायला जयसिंग निघाला. मी त्याला फाट्यापर्यंत सोडायला गेले नाही, पोरीजवळून उठायची हिंमत नव्हती. दारात तो म्हणाला, “आक्का, मला हलकं वाटंल असं वाटलं हुतं.” पायात बूट घालून निघाला.

हे दिवेलागणीला आले. पाय धुतले, कोपऱ्यात बसले. सारिका सरपटत त्यांच्याकडं गेली, त्यांनी तिला उचललं नाही, पण बाजूलाही केलं नाही. तिनं त्यांच्या पायजम्याचा नाडा धरला.

“खाल्लं का तिनं?”

“खाल्लं. तीन चमचे.”

त्यांनी नाडा तिच्या मुठीतून सोडवला.

“रूपालीला किती दिलेस?”

मला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा मला माहेरी धाडतील. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

“दोन गेले,” मी म्हणाले. “तिसऱ्याला खोकली.”

“मग?”

“मग चौथा भरला. वाटलं, त्याच्यानं खाली जाईल.”

त्यांनी मान हलवली. एखाद्यानं पत्ता नीट समजून घ्यावा तशी. मग उठून स्वयंपाकघरात गेले, फळीवरची सारिकाची वाटी आणि चमचा घेतला आणि आपल्या उशाशी नेऊन ठेवला.

“उद्यापास्नं मी चारतो,” म्हणाले.

आणि त्यांनी चारलं. पाळी कुठलीही असो, कालव्यावरून सायकल मारत यायचे, तिला समोर बसवायचे, चमचा वीतभर लांब धरायचे, आणि ती तोंड उघडेपर्यंत थांबायचे. ती स्वतःच्या हातानं जेवायला लागेपर्यंत. पाठच्या मुलाच्या वेळीही तसंच. सारिकाचे ते तीन चमचे सोडले तर माझ्या दोन्ही मुलांनी माझ्या हातचा घास कधी खाल्ला नाही.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. वाटी त्यांनी माझ्याकडून घेतली ती मला त्या चमच्यापासून सोडवायला, की पोरांना माझ्यापासून वाचवायला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.